पणजोबांची पलटण कोणती? शोधायचं कसं आणि खरं काय मानायचं

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एखादं पदक असतं. सोबत माहिती एवढीच, की "पणजोबा मराठा पलटणीत होते, बसऱ्याला गेले होते." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर. शोध इथूनच सुरू करायचा. पण या वाक्यात पहिली अडचणही आहे, कारण १९१४ साली 'मराठा' नावाची एकच पलटण नव्हती. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा होत्या. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही इराकमधल्याच कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं आणि तिथले सैनिक तुर्कांचे कैदी झाले. म्हणजे "कूतला होते" एवढ्यावरूनही पलटण ठरत नाही.

आधी पदक वाचा, आणि ते घासू नका

घरात पदक सापडलं की पहिला मोह होतो तो चिंच लावून लख्ख करण्याचा. कृपा करून तसं करू नका. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ही माहिती कडेवर कोरलेली असते, समोरच्या चित्राच्या बाजूला नाही. जुन्या रुपयाच्या नाण्याच्या कडेवर रेघा असतात, नेमकी ती जागा. ही अक्षरं उथळ असतात आणि घासून जातात. पदक खिडकीपाशी धरा, उजेड तिरपा पडू द्या आणि मोबाइलने कडेचे चार-पाच फोटो काढा. अक्षरं इंग्रजी आणि आखूड रूपातली असतात. वाचता येईल तेवढंच कागदावर उतरवा. जिथे शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने जागा भरू नका. मी एकदा पुसट शून्याला तीन समजलो आणि त्यापायी दोन महिने भलत्याच पलटणीच्या मागे होतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवरही पुष्कळदा नाव असतं. पदक नसेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, जुनं पाकीट किंवा गणवेशातला फोटो शोधा. फोटोतल्या बिल्ल्यावर राजमुकुट दिसला तर तो बिल्ला १९५० च्या आधीचा. बिगुलाची खूण दिसली तर पलटण लाइट इन्फन्ट्री (हलकं पायदळ) असण्याची शक्यता मोठी, पण लाइट इन्फन्ट्री म्हणजे मराठाच असं समजू नका.

मग साल पक्कं करा

सगळा घोळ इथेच होतो. पलटण तीच राहते, नाव मात्र बदलत जातं. मुंबई इलाख्याच्या पलटणींना १९०३ साली जुन्या क्रमांकात शंभर मिळवून नवे क्रमांक दिले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी. १९२२ साली आणखी मोठी फेररचना झाली आणि या सहा पलटणी मिळून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट, म्हणजे अनेक बटालियनांचा एक गट, बनली. त्यात १०३ वी पहिली बटालियन ठरली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. १९४५ मध्ये रेजिमेंटच्या नावातला 'पाचवी' हा आकडाही गेला.

म्हणून कागदावर ३/५ दिसलं तर ते 'पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन' असं वाचायचं. त्यापुढे मराठा लिहिलंय की गुरखा, तेही बघायचं, कारण गुरखा रायफल्समध्येही पाचवी रेजिमेंट होती. १९१६ च्या माणसासाठी ३/५ शोधलंत तर काही हाती लागणार नाही. त्याच्यासाठी ११० शोधायला हवं.

नाव आणि वंशावळ यांची गल्लत कशी होते, याचं ठळक उदाहरण कोरेगाव भीमाचं. १ जानेवारी १८१८ ला तिथे लढली ती मुंबईच्या पहिल्या नेटिव्ह इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. तीच पुढे १०२ वी ग्रेनेडियर्स झाली आणि १९२२ नंतर चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, बेळगावला, आणि तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. लढणाऱ्यांमध्ये महार सैनिक मोठ्या संख्येने होते, त्यामुळे हा वारसा खराच आहे. पण पलटणीचा कागदोपत्री वंश ग्रेनेडियर्सकडे जातो. बिल्ला बघून पलटण ठरवणारा इथे हमखास चुकतो.

आता नोंदी, विश्वासाच्या क्रमाने

माणूस युद्धात मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी तिथे फुकट बघता येतात. आडनाव टाकून थांबू नका. सावंतचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं, घाडगेचं तीन तऱ्हांनी, आणि कित्येक शिपायांची नोंद नुसत्या पहिल्या नावाने आहे. पहिलं नाव आणि रेजिमेंट टाका, मग वडिलांचं नाव आणि गाव जुळवा. जिल्हे जुने धरा: रायगडसाठी कुलाबा, आणि सिंधुदुर्गातलं गाव रत्नागिरीत. बसऱ्यातल्या युद्धमृतांच्या स्मारकाबद्दल एक कटू गोष्ट माहीत असू द्या. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांचा मात्र रेजिमेंटनिहाय नुसता आकडा. भिंतीच्या फोटोवर नाव दिसलं नाही, म्हणून माणूस नव्हताच असं मानू नका.

शौर्यपदक मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, बघा, तेही ऑनलाइन आणि फुकट आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांच्यासारख्यांची नोंद तिथे मूळ शब्दांत वाचता येते.

पलटण कुठल्या दिवशी कुठे होती, हे युद्ध-दैनंदिनीत सापडतं. पहिल्या महायुद्धातल्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत. शिपायांची नावं त्यात क्वचितच येतात, त्यामुळे पणजोबा थेट भेटतील या आशेने उघडू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'अभिलेख पटल' ही सूची घरबसल्या चाळता येते. अधिकाऱ्यांसाठी त्या काळच्या इंडियन आर्मी लिस्ट बघाव्यात, शिपाई त्यात नसतात. दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा नंतरच्या माणसासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचं रेकॉर्ड ऑफिस. तिथे पत्र पाठवताना सर्व्हिस नंबर लिहायलाच हवा. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाची स्वतंत्र फाइल मिळेल, असं मात्र धरून चालू नका.

रेजिमेंटचे छापील इतिहास वाचायला छान असतात, पण ते आपल्याच घरचं कौतुक असतं, हे ध्यानात ठेवावं. एखाद्या लढाईसाठी रेजिमेंटला मिळालेला मान म्हणजे तिथे प्रत्येक बटालियनची हजेरी नव्हे. १९४४ च्या मार्चमध्ये मराठ्यांची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती, आणि त्याच वर्षी जुलैत तिसरी इटलीत होती. विकिपीडिया नावांची साखळी समजून घ्यायला चांगला, पुरावा म्हणून नाही. गावातल्या संगमरवरी पाट्यांवर बहुधा किती जण गेले आणि किती मेले एवढंच असतं, पलटण नसते. आजीची आठवण सगळ्यात शेवटी ताडून बघायची, पण लिहून सगळ्यात आधी घ्यायची.

शेवटी जुळवणी

एकमेकांवरून न उतरवलेले दोन पुरावे जुळले, की पलटण ठरली समजा. पदकाची कड आणि मृतांची नोंद हे दोन वेगळे पुरावे. एकाच मजकुराच्या पाच ठिकाणच्या नकला हा मात्र एकच. वहीत प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: माहिती कुठून मिळाली, त्या कागदावर शब्दशः काय आहे, आणि तुम्ही त्याचा अर्थ काय लावला. माझ्या वहीत ते असं आहे: "पदकाची कड, 'मराठा', आधी ११?, शेवटचा आकडा पुसट. मी ११० धरतो, दुसरा पुरावा बाकी."