दूरशिक्षणाने रुग्णसेवा शिकताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर ठरलेला प्रश्न ऐकू येतो. कधी कागलच्या आईबापांचा, कधी गारगोटीच्या. "सिस्टर, पोरीला हॉस्टेलला ठेवायला जमत न्हाई. घरी बसून नर्सिंग हुतंय म्हनं?" मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, आणि दूरशिक्षणाने रुग्ण सहायकाचा शिक्षणक्रम करणाऱ्या मुलामुलींना आमच्या वॉर्डात प्रात्यक्षिकं शिकवते. बॅच बदलते, चुका त्याच राहतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते. पुढच्या वेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा हेच वाचायला देईन.

सगळ्यात महागात पडणारी चूक पैसे भरताना होते

एएनएम (सहायक नर्स-सुईण) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी) तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तिन्ही पूर्णवेळ, रोज वर्ग आणि रोज वॉर्ड. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, आणि मगच नर्स म्हणून काम करता येतं. दूरशिक्षणाने यातलं एकही होत नाही. इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आहे खरा, आणि एजंट लोक त्याचंच नाव पुढे करतात. पण तो आधीच नोंदणी झालेल्या, नोकरीत असलेल्या नर्ससाठी आहे. बारावी झालेल्या पोरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग दूरशिक्षणाने मिळतं काय? यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्ण सहायक, इग्नूचे होम हेल्थ असिस्टन्स किंवा जनरल ड्यूटी असिस्टन्स, अशी प्रमाणपत्रं. रुग्णाला स्पंजिंग करणं (ओल्या कपड्याने अंग पुसणं), कूस बदलणं, भरवणं, बेडपॅन देणं, ताप-नाडी-श्वास बघून लिहिणं, आणि काही बिघडतंय असं वाटलं की वेळेत सांगणं. हे काम हलकं आहे असं ज्याला वाटतं, त्याने अर्धांगवायू झालेल्या ऐंशी किलोच्या माणसाला एकट्याने कुशीवर वळवून दाखवावं. आज रुईकर कॉलनीपासून फुलेवाडीपर्यंत कितीतरी घरांत आईवडील एकटे आहेत आणि मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. अशा घरांना नीट शिकलेलं माणूस हवं असतं, आणि ते मिळत नाही.

तरीही लोकांना "जीएनएम"च हवं असतं, तेही हजेरीशिवाय. भुदरगड तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे नोकरीला आली होती. हातात लॅमिनेट केलेलं जीएनएमचं सर्टिफिकेट, वर चकचकीत होलोग्राम. दीड वर्षात झालेलं, परराज्यातल्या कुठल्याशा संस्थेचं. "वॉर्ड कुठला केलास?" विचारलं तर म्हणाली, "परीक्षेला दोनदा गेलो होतो, मॅडम. बाकी सगळं घरीच." नोंदणी क्रमांक नव्हता. एजंटने सांगितलं होतं, नोंदणी काय नंतर होते. बापाने त्यासाठी गाभण म्हैस विकली होती. मॅट्रननी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि खरं ते सांगितलं. ती रडली नाही. सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघत राहिली, जणू पाठीमागे काहीतरी छापलेलं असेल. नंतर तिने रीतसर रुग्ण सहायकाचा शिक्षणक्रम केला. पण मधली वर्षं आणि म्हैस गेली ती गेलीच.

माझा उपाय साधा आहे. पैसे देण्याआधी संस्थेचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या किंवा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः शोधायचं, चालू वर्षाच्या यादीत. एजंटने मोबाइलवर दाखवलेला फोटो म्हणजे यादी नव्हे. आणि समोरच्याला एकच विचारायचं: प्रात्यक्षिक कुठल्या हॉस्पिटलच्या कुठल्या वॉर्डात? तो "ते आम्ही मॅनेज करतो" म्हणाला की चप्पल घालायची आणि उठायचं.

लॉगबुक, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, घरी बसून भरणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे.

दूरशिक्षणात पुस्तकं घरी येतात, गृहपाठ घरी लिहून होतो, त्यामुळे प्रात्यक्षिकही घरीच उरकता येईल असं पोरांना वाटायला लागतं. मैत्रिणीची वही घ्यायची, तारखा बदलायच्या, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे. २०१९च्या महापुरानंतर एका मुलीची वही तपासायला घेतली. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला एकही दिवस रिकामा नाही. सात ऑगस्टला चार रुग्णांचं बी.पी., दोन स्पंजिंग, एक बेडमेकिंग. पोरगी आंबेवाडीची! त्या आठवड्यात आंबेवाडी-चिखलीतल्या लोकांना बोटीतून बाहेर काढत होते, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. मी काही न बोलता तारखेवर बोट ठेवलं. तिने बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. वही कोरी करून परत सुरुवात केली तिने, आणि आज ती चांगलं काम करते.

पण खोटी तारीख एक वेळ परवडली, खोटा आकडा परवडत नाही. टी.पी.आर. (ताप-नाडी-श्वास) चार्टवरचा श्वासाचा रकाना बघा. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, श्वास मात्र सकाळी अठरा, दुपारी अठरा, रात्री अठरा. दहा खाटांवरची दहा माणसं एका सुरात श्वास घेतायत. कारण श्वास कुणी मोजतच नाही. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं मशीन सांगतं. श्वासासाठी घड्याळ लावून एक मिनिट उभं राहावं लागतं, आणि नवशिक्यांना तेवढंच जमत नाही.

खुब्याचं ऑपरेशन झालेले जयसिंगपूरचे एक आजोबा होते आमच्याकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी चार्टवर अठरा. मी राउंडला गेले तर आजोबांच्या गळ्याजवळचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातोय, आणि एक वाक्य बोलायला दोनदा थांबतायत. लेक शेजारी बसून मोसंबी सोलत होती. म्हणाली, "दमल्यात जरा." मोजले तर बत्तीस. डॉक्टरांना फोन, ऑक्सिजन, आणि तासाभरात आयसीयू. आजोबा वाचले. ज्याने अठरा लिहिले होते तो पोरगा म्हणाला, "मॅडम, सकाळी पण अठराच होते." सकाळचे तरी कुणी मोजले होते?

मोठ्या माणसाचा निवांत असतानाचा श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतो. प्रकृती घसरायला लागली की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा वाढतो, बी.पी. पडायच्याही आधी. म्हणून माझी सवय अशी: रुग्णाचं मनगट धरायचं, पूर्ण मिनिट नाडी मोजायची, आणि मनगट न सोडता नजर छातीवर किंवा पोटावर न्यायची आणि दुसरं मिनिट श्वास मोजायचे. त्याला वाटतं नाडीच बघतेय. "आता तुमचा श्वास मोजते हं" म्हटलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो आणि आकडा बिघडतो. घड्याळ सेकंदकाट्याचं हवं. माझ्या विद्यार्थ्यांना मोबाइल बाहेर काढायला बंदी आहे. मिनिटभर मोबाइल बघणारं माणूस रुग्णाकडे बघत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट मला खपत नाही. एक श्वास मोजायचा चुकला की चारचा फरक पडतो.

बी.पी.: मशीन बिघडलेलं नसतं

"मॅडम, मशीन चुकीचं दाखवतंय" ही तक्रार आली की मी आधी बाही बघते. स्वेटरवरून कफ (दंडाचा पट्टा) बांधलेला असतो. नाहीतर हात खाटेखाली लोंबतोय. हात हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की आकडा उगाच वाढतो. जाड दंडाला लहान कफ लावला तरी तेच. माणूस जिना चढून आलाय, पाच मिनिटं टेकलेला नाही, आणि लेकीशी बोलणं चालूच आहे. आपल्याकडची आणखी एक गंमत म्हणजे मिसरी. आजीने नुकतीच मिसरी लावलेली असते किंवा आजोबांच्या गालात तंबाखूची गोळी असते. अर्धा तास थांबायचं, चूळ भरायला लावायची, मग मोजायचं.

पाऱ्याच्या किंवा डायलच्या यंत्रावर शिकत असाल तर हवा भसकन सोडू नका. सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतकी सावकाश. आणि स्टेथोस्कोप लावायच्या आधी, कफ फुगवताना मनगटावरची नाडी कुठल्या आकड्याला थांबते ते बोटाने बघून घ्या. चार्टवर सगळ्यांचं १२०/८० दिसलं की मी तो कागद फाडते. १२६/७४ असेल तर १२६/७४च लिहा. आकड्याला गोल करायला आपण किराणा मालाचं बिल करत नाही.

बाकीच्या, पटापट

हेपॅटायटिस बीची लस वॉर्डात यायच्या आठवड्यात घ्यायला धावू नका. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेश घेतला त्याच आठवड्यात पहिला टोचून घ्या.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. कधीच नाही.

कचऱ्याचे रंग पाठ करायचे नसतात, हाताला बसवायचे असतात. रक्ता-पुवाचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. सलाईनची नळी, कॅथेटर, हातमोजे लालमध्ये. सुया आणि ब्लेड पांढऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात.

हातमोजे घातले म्हणून हात धुवायचे टळत नाहीत. एकाच जोडीने तीन रुग्ण करणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवते.

नाकातल्या नळीने भरवताना डोकं उंच, आणि भरवून झाल्यावरही अर्धा तास तसंच. लगेच आडवं केलं की भरवलेलं घशातून फुप्फुसात जायची भीती असते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. पावडर चोळल्याने बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) थांबत नाही, आणि लाल झालेली जागा रगडायची तर अजिबात नाही.

इन्सुलिनच्या सिरींजची टोपी बघायची सवय लावा, जरी टोचणारा दुसरा असला तरी. लाल टोपीची चाळीसची (एका मिलिलिटरला चाळीस युनिट), केशरी टोपीची शंभरची. बाटली बहुतेक वेळा चाळीसची असते, पेनमधलं इन्सुलिन शंभरचं. पेनमधलं औषध कुणी लाल टोपीच्या सिरींजने ओढलं तर खुणेवर दहा दिसतात आणि अंगात पंचवीस जातात. घरच्या लोकांना हे माहीत नसतं. तुम्हाला दिसलं तर हात धरा.

पुस्तकाचं काय?

पाकीट येतं, टीव्हीवर ठेवलं जातं, परीक्षेच्या महिन्यात फुटतं. यावर मी फार बोलत नाही, कारण ऐकणारे ऐकतात आणि न ऐकणारे परीक्षेच्या आदल्या रात्री दसरा चौकात झेरॉक्सच्या दुकानात सापडतात. एवढंच सांगते: रुग्णसेवेचं पुस्तक हात हलवत वाचायचं असतं. स्पंजिंगचा धडा वाचलात तर घरातल्या कुणाला तरी आडवं करा आणि करून बघा. माणूस खाटेवर असताना चादर बदलणं आजीवर शिका. आजीला बरंही वाटतं आणि ती चुकाही सांगते, ज्या वॉर्डातला रुग्ण लाजेने सांगत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची बी.डी. (दिवसातून दोनदा), टी.डी.एस. (तीनदा), एच.एस. (झोपताना), एस.ओ.एस. (गरज पडली तर) ही अक्षरं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. न समजलेलं विचारायला लाजू नका. अंदाजाने वाचणारा मला चालत नाही.

पहिलं काम लागल्यावर

कोर्स झाला की बहुतेकांना पहिलं काम रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत रुग्णाच्या घरीच मिळतं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे म्हणतात, "ताई, सलाईन तेवढं लावा की. तुम्हाला येतंयच." येत असलं तरी नाही म्हणायचं. ते तुमच्या प्रमाणपत्रात बसत नाही, आणि काही झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे. नाही म्हणताना भांडण नको. "डॉक्टरांना फोन लावून द्या, ते नर्सला पाठवतील," एवढंच म्हणायचं, आणि फोन केला ती वेळ रुग्णाच्या डायरीत लिहायची. आणि कामावर जायच्या आधी ब्युरोवाल्याकडून कामाची यादी कागदावर सहीनिशी घ्या. तोंडी ठरलेल्या रुग्णसेवेत आठवड्याभरात धुणंभांडी शिरतात.