या चुका टाळा : इंग्रजी बोलीतले शब्द आणि कोशाची पहिली ओळ

इंग्रजी मजकूर तपासण्याच्या कामात एकाच साच्याच्या चुका इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत की, पान उघडण्यापूर्वीच त्या कोठे असतील याचा अंदाज येतो. त्यांतली सर्वांत चिवट चूक म्हणजे शब्दकोशात जो अर्थ पहिला दिला आहे, तोच मुख्य अर्थ आहे असे धरून चालणे. ऑक्सफर्डचा बृहत्कोश आणि मेरियम-वेबस्टर यांच्यात अर्थांचा क्रम ऐतिहासिक असतो; म्हणजे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, आणि तो आज कोणाच्या तोंडी नसण्याचीही शक्यता असते. भाषा शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांत मात्र रूढ अर्थ सहसा आधी येतात. आपल्या हातातला कोश कोणत्या जातीचा आहे, हे पाहण्याची तसदी नवशिके घेत नाहीत, कारण त्यासाठी प्रस्तावना वाचावी लागते.

या चुकीचा प्रसाद मीही घेतलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका परदेशी सहकाऱ्याला ‘संध्याकाळच्या चर्चेला येणार का’ असे मी लिहून विचारले आणि त्याचे उत्तर आले, ‘आय ॲम डाउन’. मी कोश उघडला, ‘खाली’ हा अर्थ ओलांडून ‘खिन्न’ या अर्थापाशी थांबलो, आणि विश्रांती घ्या, चर्चेचे आम्ही पाहून घेऊ, अशा चार समजूतदार ओळी त्याला पाठवून त्याचे नाव यादीतून काढून टाकले. संध्याकाळी हा गृहस्थ ठरल्या वेळी टिपणांसह दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी खुर्चीही नव्हती. त्याला म्हणायचे होते, ‘मी तयार आहे’. याच ‘डाउन’पुढे ‘विथ फ्लू’ आले की माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, घोषणेत ‘डाउन विथ’नंतर एखाद्या सत्ताधीशाचे नाव आले की तो मुर्दाबादचा नारा होतो, आणि ‘डाउन फॉर’ म्हटले की पुन्हा तयारी. तेव्हापासून मी वहीत सुटा शब्द लिहीत नाही; पूर्ण वाक्य लिहितो आणि ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले, हेही बाजूला टिपून ठेवतो.

कोशात अर्थाआधी बारीक अक्षरांत ‘इन्फॉर्मल’, ‘स्लँग’, ‘ऑफेन्सिव्ह’ असे शेरे असतात, तेही वाचावेत. ‘सिक’ म्हणजे आजारी खरेच, पण तरुण मुलांच्या बोलण्यात तोच शब्द ‘अफलातून’ या अर्थाने येतो आणि नोकरीच्या अर्जात तो शोभत नाही. ‘नॉक अप’ म्हणजे जुन्या ब्रिटिश वापरात दार वाजवून उठवणे आणि अमेरिकेत गरोदर करणे, त्यामुळे हा प्रयोग न केलेलाच बरा. ‘आय पास्ड आउट’ या वाक्यातून पदवी मिळाली असे सांगायचे असते, पण बहुतेक इंग्रजी भाषकांना लिहिणारा बेशुद्ध पडला असेच वाटते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ सालच्या कोशातही नोंदलेले आहे. तरीही बादलीला लाथ मारणारी भाषांतरे अजून माझ्यापर्यंत येतात.

दुसरी चूक कानाची आहे, आणि तिच्यामागे आपली मराठी सवय आहे. इंग्रजीतला आखूड ‘ए’ आणि ‘इ’कडे वळणारा लांब ‘ए’ हे दोन वेगळे स्वर आपण एकाच मात्रेने लिहितो. त्यामुळे चव आणि चाचणी दोन्ही ‘टेस्ट’, पत्र आणि नंतर दोन्ही ‘लेटर’, मिरी आणि कागद दोन्ही ‘पेपर’ होतात, आणि देवनागरीतून पाठांतर केलेला माणूस ‘सी यू लेटर’ लिहिताना पत्राचे स्पेलिंग वापरतो. शिवाय वीट, गरीब, वकील अशा शब्दांत उपान्त्य इकार दीर्घ उच्चारायची सवय असल्यामुळे आपली जीभ ‘शिप’चे ‘शीप’ करते आणि जहाजाची मेंढी होते. उलट चुकून ऱ्हस्व केले, तर ‘बीच’ आणि ‘शीट’ हे निरुपद्रवी शब्द शिव्यांत जमा होतात. यावर माझा उपाय एवढाच की नवा शब्द आधी रोमन लिपीत लिहावा, मग ऐकावा आणि देवनागरीत अजिबात उतरवू नये. दहा दिवसांत शंभर शब्द पाठ करू पाहणाऱ्यांना हा उपाय फार संथ वाटतो, आणि पुढे त्यांचीच पत्रे दुरुस्तीला येतात.

अशाच एका पत्रात विलंबाबद्दल क्षमा मागताना ‘बेअर विथ मी’ लिहिले होते. थोडा धीर धरा, या अर्थासाठी तेथे बी-ई-ए-आर हवे होते. पत्रात बी-ए-आर-ई होते, म्हणजे ग्राहकाला विवस्त्र होण्याचे निमंत्रण गेले होते. दोन्ही स्पेलिंगे कोशात असल्यामुळे साध्या स्पेलिंग तपासणीला त्यात काही वावगे दिसले नाही. ‘अनफेझ्ड’मध्ये, म्हणजे न डगमगलेला या शब्दात, ‘एफ’ऐवजी पी-एच घालणे आणि ‘टो द लाइन’मध्ये, म्हणजे नेमून दिलेल्या चौकटीत वागणे या प्रयोगात, पायाच्या बोटाऐवजी गाडी ओढण्याचा ‘टो’ लिहिणे, या चुका याच जातीच्या.

एका शब्दाबाबत मात्र मी कोणाला रागावत नाही. ‘जस्ट डिझर्ट्स’, म्हणजे केल्या कर्माचे योग्य फळ, यातल्या शब्दाचे नाते ‘डिझर्व्ह’शी आहे, त्याचे स्पेलिंग वाळवंटाप्रमाणे एका ‘एस’चे आणि उच्चार जेवणानंतरच्या गोड पदार्थाचा. तेथे मी अजूनही दर वेळी कोश उघडतो.