हॉटेलात मध्यरात्री फायर अलार्म वाजला? या चुका टाळा

रात्रीचे तीन वाजून गेले होते. मला वाटलं नवऱ्याच्या मोबाइलचा गजर झाला, त्याला वाटलं माझ्या. दोघांनी अंधारात आपापले फोन चाचपले, बंद करण्यासारखं काही सापडेना, आणि मग कुठे लक्षात आलं की आवाज छतातून येतोय. नवरा म्हणाला, "अगं, कुणीतरी सिगरेट ओढली असेल. बंद होईल आत्ता." आणि कूस बदलून उशी कानावर घेतली.

पुढच्या पाच-सात मिनिटांत आम्ही दोघांनी मिळून करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या. मी पडदा सरकवून खाली बघितलं, मग चष्मा शोधला, मग भिंतीतला चार्जर काढून नीट गुंडाळून बॅगेत ठेवला. का, ते विचारू नका. नवऱ्याने रिसेप्शनला फोन लावला, तो अर्थातच लागेना. सातव्या मजल्यावरून खाली उतरलो तेव्हा बाकीची मंडळी केव्हाची रस्त्यापलीकडे उभी होती. लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये साठलेल्या कापसासारख्या धाग्यांनी पेट घेतला होता, आणि हॉटेलच्या लोकांनीच तो विझवला. म्हणजे आग होती. छोटी होती, एवढंच.

"खरंच लागलीय का, आधी बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा रेंगाळते.

आग लागली की लोक सैरावैरा पळतात, अशी आपली समजूत असते. आगीच्या वेळी माणसं कशी वागतात याचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांना बहुतेक वेळा उलटंच दिसलं. लोक पळत नाहीत, थांबतात. शेजारच्याकडे बघतात, एकमेकांना विचारतात, सामान आवरतात. शेजारचा शांत दिसला की आपणही शांत राहतो, आणि तो शांत असतो कारण आपण शांत दिसतो.

त्यात आपण नुकते झोपेतून उठलेलो असतो. गाढ झोपेतून जाग आल्यावर डोकं ताळ्यावर यायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागू शकतो. या अवस्थेत "धोका खरा की खोटा" हा हिशेब मांडायलाच घेऊ नये. तो आदल्या रात्री, शुद्धीत असताना करून ठेवायचा आणि उत्तर एकच ठरवायचं: वाजला की निघायचं. फोन नाही, खिडकी नाही, चर्चा नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अनेक मोठ्या हॉटेलांत पहिला इशारा फक्त कर्मचाऱ्यांना जातो. त्यांना जाऊन बघायला काही मिनिटं मिळतात आणि त्यानंतर अलार्म सगळ्या इमारतीत वाजतो. म्हणजे तुमच्या कानावर आवाज पडतो तेव्हा घड्याळ आधीच सुरू झालेलं असू शकतं.

"धुराच्या वासाने जाग येईलच की," या भरवशावरही राहू नका. झोपेत वास जवळजवळ कळत नाही. जागं करतो तो आवाज, आणि तोसुद्धा सगळ्यांना सारखा नाही. जुन्या पद्धतीचा तीनेक हजार हर्ट्झचा कर्कश आवाज लहान मुलांना, दारू पिऊन झोपलेल्यांना आणि वयामुळे उंच पट्टीचे आवाज ऐकू न येणाऱ्यांना हमखास उठवत नाही. म्हणून झोपायच्या खोल्यांसाठी आता ५२० हर्ट्झचा, जरा जाडसर आवाज चांगला मानतात. उशीपाशी तो निदान ७५ डेसिबल असावा, असं काही देशांचे नियम सांगतात. तुम्ही कानात बोळे घालून झोपत असाल तर त्यातले किती उरतात, याचा विचार करा. ऐकायला कमी येत असेल तर खोली घेतानाच सांगून ठेवा. दिवा लुकलुकवणारी आणि उशीखाली थरथरणारी उपकरणं बऱ्याच ठिकाणी मागितली तर मिळतात, आपणहून कुणी आणून देत नाही.

कुठला आवाज कशाचा

तीन ठोके, मध्ये छोटी शांतता, पुन्हा तीन ठोके, ही "बाहेर पडा"ची आंतरराष्ट्रीय खूण. काही ठिकाणी सलग भोंगा असतो, काही ठिकाणी ध्वनिमुद्रित सूचना. यातलं काहीही कानावर आलं तरी अर्थ तोच.

दर अर्ध्या-एक मिनिटाने एकच "टीक" होत असेल तर ती आग नव्हे, बॅटरी संपत आल्याची किंवा बिघाडाची खूण. रिसेप्शनला सांगा. खुर्चीवर चढून ते यंत्र उपटू नका, पुढच्या पाहुण्याच्या डोक्यावरही तेच आहे.

तिसरा प्रकार गमतीचा. गरम पाण्याने अंघोळ करून बाथरूमचं दार उघडलं, वाफेचा लोट बाहेर आला आणि फक्त तुमच्याच खोलीतलं यंत्र कोकलायला लागलं. इथे बहुतेक जण वाफ घालवायला खोलीचं मुख्य दार सताड उघडतात. तेच नेमकं करायचं नाही. पुष्कळ हॉटेलांत खोलीतला डिटेक्टर फक्त खोलीपुरता वाजतो, पण कॉरिडॉरमधला सगळी इमारत जागी करतो. वाफेला, स्प्रेला आणि धुराला तिकडे वाट करून दिलीत तर पाच मिनिटांनी दोनशे माणसं पायजम्यात रस्त्यावर उभी असतील. खिडकी उघडा, बाथरूमचं दार लावून पंखा चालू करा आणि रिसेप्शनला कळवा. डिटेक्टरवर शॉवर कॅप चढवण्याची युक्ती कुणी सुचवली, तर त्याच्या शेजारची खोली घेऊ नका.

ते कार्ड

दाराशेजारी भिंतीत एक खाच असते, त्यात की-कार्ड घातलं की दिवे लागतात. आम्ही घाईत निघालो, दार आपोआप मागे बंद झालं, आणि चार पावलं गेल्यावर मला ती खाच डोळ्यासमोर दिसली. कार्ड आत, आम्ही बाहेर. कॉरिडॉरमध्ये धूर असता तर परतीची एकच सुरक्षित जागा आम्ही स्वतःच्या हाताने कुलूपबंद केली होती.

तेव्हापासून झोपताना एक कार्ड बुटात. खाचेसाठी दुसरं मागून घेते. बूट पलंगाशेजारी, टोकं दाराकडे, आत कार्ड, वर चष्मा आणि छोटी टॉर्च. मोबाइलही तिथेच. नवरा हसतो, पण त्याचेही बूट आता तिथेच असतात. अनवाणी निघालं की काचांवरून चालावं लागतं, आणि अंगावर घालायला काहीतरी हाताशी नसलं तर माणूस लाजेपायी कपाट उघडून बसतो. खुर्चीवर एक जाकीट टाकून ठेवलं की तो प्रश्न मिटला.

सामान? राहू द्या. पासपोर्ट आणि औषधं एका छोट्या पिशवीत बुटाशेजारी असतील तर उचला, नसतील तर तीही राहू द्या. तिजोरीचा आकडा आठवत बसण्याची ती वेळ नव्हे.

दार धाडकन उघडणं

आधी हाताची पालथी बाजू दाराला लावा, खालून वर, शेवटी मुठीला. गरम लागलं तर उघडू नका. थंड असेल तर खांदा दाराला टेकवून बोटभर फट करा आणि बघा. धूर दिसला की बंद. दिसला नाही तर बाहेर पडा आणि दार मागे बंद झालं याची खात्री करा. पाचर लावून दार उघडं ठेवणं म्हणजे धुराला रस्ता मोकळा करून देणं.

धुराचं एवढं काय, असं वाटत असेल तर लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड हॉटेल आठवा. २१ नोव्हेंबर १९८० च्या सकाळी तिथे आग लागली ती तळमजल्यावर, रेस्टॉरंट आणि कॅसिनोच्या भागात. ८५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, जिथे ज्वाळा पोचल्याच नाहीत. लिफ्टचे उभे बोगदे, जिने आणि एसीच्या वाहिन्या यांतून धूर वर चढला. काही जण जिन्यात शिरले आणि मागचं दार बंद झालं, ते आतून पुन्हा उघडेना.

म्हणून एक छोटं काम खोलीत शिरल्याबरोबर करून टाका. जिन्यापर्यंत प्रत्यक्ष चालत जा, त्याचं दार उघडून बघा, आणि आतल्या बाजूने ते परत उघडतं का तेही तपासा. हे तपासायला जिन्यात शिरायच्या आधी ते दार कुणालातरी धरायला सांगा, नाहीतर तुम्हीच तळमजल्यापर्यंत उतरून याल.

आलो तसे जाणं

माणूस घाबरला की आलेल्या वाटेनेच परत जातो. हॉटेलात ती वाट लिफ्टची असते. आमच्या खोलीपासून जिना डावीकडे चौथ्या दारानंतर होता. आम्ही उजवीकडे लिफ्टकडे धावलो, आणि लिफ्ट आधीच खाली जाऊन थांबली होती. अलार्म झाला की ती बऱ्याच ठिकाणी आपोआप तशीच थांबते.

दारामागचा नकाशा वाचून विसरला जातो, पाय विसरत नाहीत. तुमच्या खोलीपासून जिन्यापर्यंत दारं किती, ती हाताने मोजत एकदा चालून या. दोन्ही बाजूंच्या जिन्यांपर्यंत मोजा, कारण एक बाजू धुराने भरलेली असू शकते. अंधारात किंवा धुरात गुडघ्यांवर, भिंतीला हात लावून हाच हिशेब कामाला येतो. खाली हवा त्यातल्या त्यात बरी असते.

जिन्यात खालून धूर वर येताना दिसला तर त्यातून रेटत जाऊ नका. मागे फिरा, दुसरा जिना बघा, तोही नसेल तर खोली. आणि गच्चीकडे? गच्चीचं दार कुलूपबंद असलं तर धुराच्या नळकांड्याच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन बसल्यासारखं होतं.

खोलीत अडकलो म्हणजे संपलं, असं समजणं

अटलांटामधलं वाइनकॉफ हॉटेल स्वतःची जाहिरात 'आगीला दाद न देणारं' अशी करायचं. इमारत खरंच उभी राहिली. पण ७ डिसेंबर १९४६ च्या पहाटे आत ११९ माणसं मेली. पंधरा मजले आणि उतरायला एकच जिना, तोही मधोमध. आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते, अलार्म नव्हता, बाहेरून उतरायच्या शिड्या नव्हत्या. कितीतरी जणांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या.

आजची चांगली खोली निदान काही काळ आग अडवायच्या हिशेबाने बांधलेली असते. दार जड असतं आणि आपोआप बंद होतं, ते उगीच नव्हे. कॉरिडॉर धुराने भरला असेल तर आत थांबणं हाच शहाणपणा. पण नुसतं बसून नाही. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल ठोसून भरा, एसी बंद करा, त्याच्या जाळीतून धूर येत असेल तर तिथेही ओलं कापड लावा. मग आपत्कालीन सेवेला फोन करून आधी हॉटेल आणि खोली क्रमांक सांगा, बाकीचं नंतर. खिडकीत चादर फडकवा किंवा टॉर्च हलवा.

काच फोडू नका. खालून धूर आत यायला लागला तर फोडलेली काच बंद करता येत नाही. खिडकी उघडत असेल आणि बाहेरची हवा स्वच्छ असेल तर थोडीच उघडा. बाथरूममध्ये लपून बसायचा मोह होतो, कारण तिथे पाणी असतं. पण तिथे बहुधा खिडकी नसते, आणि शोधायला आलेल्यांना तुम्ही दिसत नाही.

आवाज थांबला, चला वर

आमच्यातले निम्मे लोक इथे फसले. भोंगा बंद झाला आणि ते दाराकडे निघाले. आवाज थांबला याचा अर्थ कुणीतरी पॅनेलवरचं बटण दाबलं, एवढाच. अग्निशमन दलाने सांगेपर्यंत बाहेरच थांबा. तोपर्यंत ठरलेल्या जागी जाऊन हॉटेलच्या माणसाला खोली क्रमांक आणि "आम्ही सगळे बाहेर आहोत" हे सांगा. नाहीतर तुम्ही पलीकडे चहा शोधत फिरत असाल आणि जवान तुमच्या पलंगाखाली बघत असतील. घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर भेटायची जागा इमारतीबाहेरची आणि आधीच ठरलेली हवी, म्हणजे एकमेकांना शोधायला कुणी परत वर जात नाही.

परवानगी मिळाल्यावर वर जाताना रिसेप्शनवर एकच प्रश्न विचारा: यंत्रणा पुन्हा चालू केली का? कधीकधी कुरकुर करणारा भाग सकाळपर्यंत बंद ठेवतात. तसं असेल तर तुमच्या मजल्यावर रात्रभर फेऱ्या कोण मारणार, तेही विचारा. मी विचारलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा जरा गोंधळला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, पाचवा ते आठवा मजला बंद आहे. मीच येतो दर अर्ध्या तासाने." आला की नाही माहीत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावरची खोली मागून घेतली.