नर्सिंगच्या आधीचे सायन्स कोर्स: कोणता आधी, कोणता मागून

अमेरिकेत येऊन काही वर्षं झाली, मुलं शाळेत जायला लागली आणि आता नर्सिंग करायचं मनावर घेतलंय, अशा आपल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितेय. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आणि केमिस्ट्री यांचा क्रम लावताना बहुतेक जण आज कॉलेजात कुठे जागा मिळतेय ते बघतात आणि तिथून पुढे जातात. माझं सांगणं उलटं आहे. नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या. एक खुलासा आधीच करते. भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. तुम्ही आपल्या शिक्षणाचं मूल्यमापन करून घेऊन एनक्लेक्स या नर्सच्या परवान्याच्या परीक्षेच्या वाटेला लागा.

सगळ्यात आधी घरापासून झेपेल एवढ्या अंतरावरचे तीन-चार प्रोग्रॅम निवडा. क्लिनिकलच्या दिवशी सकाळी सातच्या आत हॉस्पिटलात पोचायचं असतं, तेव्हा अंतराचा विचार आत्ताच झालेला बरा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पानावरून पाच गोष्टी एका वहीत उतरवून घ्या. कोणते सायन्स कोर्स लागतात? अर्जाच्या वेळी ते सगळे पूर्ण झालेले हवेत की एखादा चालू असला तरी चालतो? किती वर्षांपर्यंतचे ग्रेड धरतात? ऑनलाइन लॅब मान्य आहे का? आणि एखादा कोर्स किती वेळा पुन्हा करता येतो? कॉलेजच्या काउन्सेलरला भेटायला जाल तेव्हा ही वही सोबत न्या. काउन्सेलरला आपल्या कॉलेजचे नियम पाठ असतात, शेजारच्या कॉलेजचे असतीलच असं नाही.

त्याच सुमारास भारतातल्या ट्रान्सक्रिप्टचं कोर्सनिहाय मूल्यमापन करायला टाका. विद्यापीठाकडून सीलबंद कागद मिळवण्यात किती वेळ जातो ते आपल्याला माहीतच आहे. बारावी सायन्सचे मार्क इथे कॉलेजचे क्रेडिट म्हणून चालत नाहीत. बीएस्सीतलं केमिस्ट्री किंवा इंग्रजी कधीकधी धरलं जातं. एच-फोर व्हिसावर असाल तर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण सरकारी आर्थिक मदत मिळत नाही. रहिवाशांची फी लागू होईल की बाहेरच्यांची, हे राज्यागणिक बदलतं. काही ठिकाणी ती कित्येक पटींनी जास्त असते, त्यामुळे पहिला कोर्स घेण्याआधीच हे लेखी विचारून ठेवा.

आता क्रम. फेब्रुवारीत अर्ज करायचाय आणि तोवर सगळं सायन्स संपलेलं हवंय असं धरू. म्हणजे शेवटचा कोर्स आदल्या फॉलमध्ये, डिसेंबरात संपायला हवा. तिथे मायक्रोबायॉलॉजी ठेवा. त्याच्या आधीच्या स्प्रिंगला फिजिऑलॉजी, त्याआधीच्या फॉलला अ‍ॅनाटॉमी आणि त्याच्याही आधीच्या स्प्रिंगला केमिस्ट्री. म्हणजे अर्जाच्या दोन वर्षं आधीच्या जानेवारीत सुरुवात झाली. इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी यांचे ग्रेड सहसा जुने झाले तरी चालतात, म्हणून ते या मोठ्या कोर्सांच्या बाजूला एकेक करून घालता येतात, किंवा घर नीट बसेपर्यंत आधीच उरकता येतात.

सायन्सच्या ग्रेडच्या मुदतीचं मात्र फार जपा. बऱ्याच प्रोग्रॅमना सायन्सचे कोर्स गेल्या पाच किंवा सात वर्षांतलेच लागतात. उत्साहाच्या भरात अ‍ॅनाटॉमी आधी करून ठेवायची, मग दुसरं मूल, मग नोकरीमुळे गाव बदलायचं, आणि अर्ज करायची वेळ येते तेव्हा तो ए ग्रेड शिळा झालेला असतो. दोन वर्षांत अर्ज करायची खात्री नसेल तर सायन्सला हात लावू नका. तोवर इंग्रजी आणि स्टॅटिस्टिक्स करत राहा.

केमिस्ट्री सगळ्यात आधी का, तर पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काही कॉलेजांत केमिस्ट्री किंवा प्राथमिक बायॉलॉजी झाल्याशिवाय फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीला नाव नोंदवताच येत नाही. प्रीरेक्विझिटलाही (म्हणजे आधी पूर्ण करावा लागणाऱ्या कोर्सलाही) प्रीरेक्विझिट असतं आणि तिथेच पुष्कळांचं एक अख्खं सेमिस्टर वाया जातं. समजा तुमच्या प्रोग्रॅमने केमिस्ट्री मागितलीच नाही, तरी सायन्स सुटून दहा-बारा वर्षं झाली असतील तर माझ्या मते ती घ्याच. फिजिऑलॉजीच्या पहिल्या काही आठवड्यांतच सोडियम आणि पोटॅशियमचे आयन पेशीच्या आत-बाहेर कसे जातात आणि त्यातून चेतापेशीत विद्युत संदेश कसा उठतो, हे येतं. पुढे रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं काय करतात ते येतं. आयन आणि बफर म्हणजे काय हे आधी कळलेलं असेल तर हे धडे समजून पुढे जाता येतं. नाहीतर नुसतं पाठ करावं लागतं, आणि पाठ केलेलं नर्सिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत टिकत नाही.

अ‍ॅनाटॉमीला बुद्धीपेक्षा वेळ जास्त लागतो. २०६ हाडं तर आहेतच, पण प्रत्येक हाडावरचे उंचवटे, भोकं आणि खाचाही नावानिशी सांगाव्या लागतात. लॅबची परीक्षा कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. टेबलांवर ओळीने मॉडेलं आणि हाडं मांडलेली, प्रत्येकावर एक टाचणी किंवा रंगीत ठिपका, आणि एकेका टेबलाशी मिनिटभर वेळ. घंटा झाली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. स्पेलिंग चुकलं तरी मार्क जातात. म्हणून अ‍ॅनाटॉमीच्या सेमिस्टरला सोबत दुसरा लॅबचा कोर्स घेऊ नका आणि ओपन लॅबचे (वर्गाबाहेर स्वतः सराव करायचे) तास आठवड्याच्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवा. फोटो बघून मांडीचं हाड ओळखता येईल, पण ते उजव्या पायाचं की डाव्या, हे हातात घेऊनच कळतं. उन्हाळ्यातल्या सहा-आठ आठवड्यांच्या सत्रात अ‍ॅनाटॉमी घेण्याचा मोह टाळा. उन्हाळ्याला सायकॉलॉजी किंवा न्यूट्रिशन द्या.

कॅलिफोर्नियात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे बहुधा वेगवेगळे कोर्स असतात. इतर पुष्कळ राज्यांत मात्र ए अँड पी एक आणि दोन अशी जोडी असते. पहिल्यात पेशी, ऊती, हाडं, स्नायू, चेतासंस्था आणि दुसऱ्यात हृदय, श्वसन, पचन, मूत्रपिंडं वगैरे, रचना आणि कार्य हातात हात घालून. आयटीतल्या कुटुंबांनी हे फार लक्षात ठेवायला हवं. कॅलिफोर्नियात नुसती अ‍ॅनाटॉमी करून टेक्सासला गेलात, तर ती ए अँड पी एक म्हणून धरली जाईलच असं नाही. जोडीतला एक कोर्स झाला असेल आणि बदली डोक्यावर असेल, तर शक्य तिथे दुसराही त्याच कॉलेजात पूर्ण करून मगच हला. जोडीतला पहिला एका कॉलेजचा आणि दुसरा दुसऱ्याचा, अशी सरमिसळ राज्यात राहूनही करू नका.

मायक्रोबायॉलॉजी मी शेवटी ठेवते, कारण तोवर शरीराची ओळख झालेली असते आणि कुठला जंतू कुठल्या अवयवाला का गाठतो हे चटकन उमगतं. फिजिऑलॉजीला जागाच मिळाली नाही, तर हिला मधे घ्यायला हरकत नाही, फक्त केमिस्ट्री झालेली असू द्या. इथे लॅबमध्ये हाताला वळण लागणं महत्त्वाचं. ग्रॅम स्टेनचंच बघा. काचपट्टीवर जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणं आणि शेवटी सॅफ्रानिन. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणू जांभळे राहतात, निगेटिव्ह गुलाबी दिसतात. सगळी मेख अल्कोहोलच्या त्या काही सेकंदांत आहे. जास्त वेळ धुतलं की जांभळेसुद्धा रंग सोडतात आणि पुढचं सगळं निदान चुकतं. सेमिस्टरच्या अखेरीला अनोळखी जिवाणू देऊन ओळखायला सांगतात, तेव्हा हाच सराव कामी येतो. रोजच्या वेळापत्रकात एक गोष्ट धरून ठेवा, की आज वाढवायला ठेवलेली प्लेट एक-दोन दिवसांनी बघावी लागते. काही कॉलेजांत त्यासाठी वर्गाच्या दिवसाखेरीजही लॅबमध्ये डोकवावं लागतं.

टीज ही प्रवेश परीक्षा फिजिऑलॉजी संपल्यावरच्या उन्हाळ्यात द्या. तिच्यात १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं असतात. त्यातले ५० प्रश्न सायन्सचे, आणि त्यांत सगळ्यात मोठा वाटा शरीररचना आणि कार्याचा. अभ्यास ताजा असताना दिलीत तर सायन्ससाठी वेगळी तयारी फारशी लागत नाही आणि जोर वाचन व गणितावर देता येतो. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत उत्तीर्ण व्हायला ६२ टक्के पुरतात, पण जिथे जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त असतात, तिथे तेवढ्यावर समाधान मानू नका. तुमचा प्रोग्रॅम टीजऐवजी हेसी घेत असेल, तर तीही याच सुमारास.

ग्रेडचा हिशेब आधी करून ठेवा. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रो चार-चार युनिटचे धरले, तर दोन ए आणि एक बी म्हणजे सायन्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ए म्हणजे ४, बी ३, सी २) ३.६७. त्या बीच्या जागी सी आला की तो ३.३३ वर येतो. म्हणून दोन लॅबचे कोर्स एकदम घेऊन सहा महिने वाचवण्यापेक्षा एकेक घेऊन ए मिळवणं केव्हाही फायद्याचं. घरात लहान मूल असेल तर त्यावर वादच नको. पुन्हा परीक्षा देऊन मार्क सुधारण्याची आपली सवय इथे चालत नाही. काही प्रोग्रॅम एकदाच पुन्हा करू देतात आणि मधेच सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू हासुद्धा एक प्रयत्न म्हणून मोजणारे प्रोग्रॅम आहेत. कोर्स जमत नाहीये असं वाटलं तर शिक्का न बसता सोडण्याची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते. ती कॅलेंडरात लाल शाईने लिहून ठेवा.

राहता राहिली नावनोंदणी. लॅबचे कोर्स आधी भरतात, म्हणून तुमची नोंदणी उघडते त्या दिवशी, त्या मिनिटाला लॅपटॉपसमोर असा. सोयीची संध्याकाळची तुकडी, नाही मिळाली तर सकाळची, तीही नाही तर शेजारच्या कॉलेजची (तिथला कोर्स आपल्या प्रोग्रॅमला चालतो हे आधी तपासून), असे तीन पर्याय क्रमांकासकट लिहून ठेवा. तिन्ही भरले तर वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या तासाला वर्गात जाऊन बसा. पहिल्या दिवशी न आलेल्यांची नावं बऱ्याच ठिकाणी काढून टाकतात आणि त्या जागा वेटलिस्टवरच्यांना मिळतात.