सीझन बॉलची भीती: पोरांना नेटमध्ये उतरवताना या चुका टाळा

उन्हाळी शिबिरात दरवर्षी हेच. एप्रिलमध्ये नाव घातलं की मेमध्ये पालकांना पोरगा मॅचमध्ये हवा. गल्लीत टेनिस बॉलवर सिक्सर ठोकणारा तोच पोरगा सीझन बॉल, म्हणजे कडक लेदरचा चेंडू, आला की लाइन सोडून स्क्वेअर लेगकडे सरकतो, आणि जाळीबाहेरून बाबा ओरडतात, "घाबरतोस काय!"

घाबरणारच. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास, मोठ्यांचा सीझन बॉल 156 ते 163. तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा लहान चेंडू नियमातच आहे, तो आधी आणा.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे पोरगा मागे पळू नये म्हणून त्याच्या पायामागे किटबॅग ठेवणं. एका नेटवर तर चक्क विटा मांडल्या होत्या. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, समोरून मोठा पोरगा जीव खाऊन टाकतोय. पाय हलले नाहीत, पण डोकं लेगला कललं आणि डोळे मिटले. एक चेंडू मॅटच्या दुमडीवरून उसळून कोपरावर बसला, मागे सरकताना टाच विटेत अडकली, पोरगा आडवा. कोच म्हणतात, "लागलं की भीती जाते." पुढे तो मुलगा नेटला यायचा, पण फक्त बॉलिंग टाकायला.

पाय बांधून काही होत नाही, नजर बसवावी लागते. मी आधी बॅट काढून घेतो. टेनिस बॉलच्या एका बाजूला लाल टेप, दुसरीला काळी. थोड्या अंतरावरून अंडरआर्म टाकायचा, टप्पा पडताना दिसेल तो रंग पोराने ओरडून सांगायचा. रंग बरोबर यायला लागले की बॅट, मग सीझन बॉल, मग थ्रोडाऊन, म्हणजे जवळून हाताने फेकलेले चेंडू. बॉलिंग मशीन सगळ्यात शेवटी. "किती दिवस लागतील?" विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

अंगावरचा चेंडू सोडायलाही टेनिस बॉलवरच शिकवा: हात खाली, डोकं रेषेबाहेर, नजर चेंडूवर. पाठ फिरवायची नाही.

मोठ्या भावाचं हेल्मेट डोळ्यांवर घसरतं, मापाचं घ्या. जांघेच्या गार्डशिवाय नेटमध्ये पाऊल नको. "गावसकर हेल्मेटशिवाय खेळले" हे मला सांगू नका. त्यांनीही पुढे स्कल कॅप, म्हणजे डोक्यावरची कडक संरक्षक टोपी, घातली.

कॅच घेताना हात मागे येऊ द्या, ताठ तळव्यावर झोंबतंच.

चेंडू लागल्यावर लगेच पुन्हा उभं करू नका. बर्फ लावा, तो स्वतः बॅट मागेल तेव्हा अंडरआर्मपासून सुरू करा. डोक्याला लागलं असेल तर त्या दिवशीचा खेळ बंद आणि थेट डॉक्टर, पोरगा कितीही "बरा आहे मी" म्हणाला तरी.