पाय सुजला, दम लागला? रक्ताची गुठळी उशिरा कळते ती या चुकांमुळे

एकच पाय सुजला की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे खोबरेल तेल गरम करून पोटरी चोळायची. मुका मार असेल, शीर चढली असेल, वात असेल, कारणं घरातच तयार असतात. तर आधी ते चोळणं बंद करा, कारण आत शिरेत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुफ्फुसात जायची भीती असते, मग दम लागतो. संध्याकाळी दोन्ही पाय सुजणं वेगळं, एकच पाय सुजून दुखणं, गरम लागणं, लाल होणं वेगळं. टेप घ्या नी दोन्ही पोटऱ्या गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटीमीटर खाली मोजा, 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पण सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो सांगू? पाय हाडांच्या डॉक्टरला दाखवायचा, दम दुसऱ्याच डॉक्टरला, आणि मागच्या महिन्यात प्लास्टर होतं हे कोणालाच सांगायचं नाही. मग दम्याचा पंप मिळतो, गॅसची गोळी मिळते, त्यात डॉक्टरची तरी काय चूक, त्याला अर्धीच गोष्ट कळलेली. ऑपरेशन (त्यानंतर साधारण 3 महिने तरी धोका असतो), फ्रॅक्चर, बाळंतपण, कॅन्सर, घरात आधी कोणाला गुठळी झालेली, लंडनहून विमानात बसून आलात, हे सगळं न विचारता एका दमात सांगा. बायका हमखास लपवतात ते गोळ्यांचं. गर्भनिरोधक तर सांगाच, पण गणेश चवथीला पाळी पुढे ढकलायला फार्मसीतून आणलेल्या गोळ्यासुद्धा हार्मोनच्याच, त्याही सांगायच्या, त्यात लाजायचं काय!

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही. ईसीजी आणि छातीचा एक्सरे नॉर्मल असूनही फुफ्फुसात गुठळी असू शकते, पाय अजिबात न सुजताही असू शकते. डी-डायमर ही रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली आणि डॉक्टरला तपासून शंका कमीच वाटत असेल तर गुठळी बहुतेक नाही म्हणतात, पण पॉझिटिव्ह म्हणजे गुठळी आहेच असं नाही, गरोदरपणात, ऑपरेशननंतर, ताप-इन्फेक्शनमध्येही ती वाढते. पायाची डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) पहिल्यांदा साफ आली तरी पोटरीतली छोटी गुठळी नजरेतून निसटू शकते, दुखणं तसंच राहिलं तर आठवड्याभरात परत करायची का ते विचारा. फुफ्फुसासाठी शिरेतून डाय देऊन सीटी अँजिओ करतात, साधा सीटी पुरत नाही.

अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत टोचतं, खोकल्यात रक्त आलं, चक्कर येऊन पडलात, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका आणि स्कूटरच्या मागे बसून तर मुळीच जाऊ नका. 108 लावा. गोव्यात सत्तरी-काणकोणसारख्या लांबच्या भागातून बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचायलाच वेळ जातो, त्यात शेजाऱ्याची गाडी शोधत बसलात तर अजून तास गेला.

आणि डॉप्लर उद्या मिळेल असं कोणी म्हटलं तर नुसतं हो म्हणून घरी येऊ नका. शंका दाट असेल तर तपासणीच्या आधीच रक्त पातळ करायचं औषध सुरू करतात, तेव्हा ते आजच द्यायचं का हे सरळ विचारा, आणि पूर्वी अल्सर किंवा कुठे रक्तस्राव झालेला असेल तर तेही तिथेच सांगा.