प्रशिक्षणाआधी कपाट उघडा

'सर्वसमावेशक संस्था', 'विविधता' असे शब्द असलेलं पत्र देणगीदाराकडून आलं की आपल्याकडे पहिली धावपळ हॉलसाठी होते. पोवई नाक्याजवळचा हॉल परवडेल का, प्रोजेक्टर आहे का, पुण्याहून येणाऱ्या मॅडमची मुक्कामाची सोय कुठे करायची. ही सगळी शेवटच्या आठवड्यातली कामं. सातारा-सांगलीकडच्या पाच ते तीस माणसांच्या संस्थेत जातीच्या प्रश्नावर दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं असेल, तर तयारी निदान दीड-दोन महिने आधी सुरू करा, आणि ती ऑफिसातल्या लोखंडी कपाटापासून करा.

कपाटात प्रवासखर्चाची व्हाउचरं असतात. गेल्या तीन वर्षांच्या फायली काढा आणि एका कागदावर लिहीत जा: कोण, कुठे, कशासाठी, किती दिवस. कोण पुण्याला गेलं, कोण दिल्लीला गेलं, आणि कोणाची व्हाउचरं वडूज-दहिवडीच्या पुढे कधी गेलीच नाहीत. शेजारी हुद्दा, मानधन आणि संस्थेत किती वर्षं झाली ते लिहा. एका संस्थेत हिशोबनीसांबरोबर बसून मी हे केलं होतं. वस्त्या पायी पालथ्या घालणाऱ्या एका ताईंना तिथे बारा वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावावर जिल्ह्याबाहेरचं एकही प्रशिक्षण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आलेले समन्वयक सात वेळा जाऊन आले होते. ताईंना कोणी मुद्दाम अडवलं होतं का? अजिबात नाही. प्रशिक्षणाचा मेल इंग्रजीत येतो, ज्याला तो वाचता येतो तोच उत्तर देतो, आणि ज्याने उत्तर दिलं तो जातो. जातो तो शिकतो, शिकतो तो प्रपोजल लिहितो, प्रपोजल लिहितो तो संस्थेचा चेहरा होतो. ताई मात्र फिल्डच्या फिल्डवरच. हिशोबनीस कागदाकडे बघून एवढंच म्हणाले, "हे असं एकत्र कधी बघितलंच नव्हतं." प्रशिक्षणाचा पहिला तास या कागदाला द्या. त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

हा कागद करताना कोणाची जात आडनावावरून ठरवू नका. पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावं आपल्याकडे किती समाजांत आहेत हे काय सांगायला पाहिजे! ज्याला सांगायचं तो सांगेल, नको असेल तर नाही. आणि ही माहिती सेवापुस्तकाच्या फायलीत न लावता वेगळ्या पाकिटात राहील, असं आधी लेखी कळवा. आणि जनगणनेच्या आकड्यांशी तुलना करायचा मोह झाला तर एक लक्षात असू द्या. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती एवढ्याच वेगळ्या मोजलेल्या आहेत. ऊसतोडीच्या पालावर किंवा गावाबाहेरच्या माळावर तुम्ही ज्या भटक्या-विमुक्तांसाठी काम करता, त्यांचा तिथे वेगळा आकडाच नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला ज्यांच्यावरचा तो शिक्का कागदावरून पुसला, त्यांच्यापैकी तुमच्या पगारपत्रकावर कोणी आहे का, हे आकड्यांशिवायही दिसतं.

मग निवडीच्या पद्धतीकडे वळा. मागच्या भरतीच्या मुलाखती कोणी घेतल्या, काय विचारलं, हे आठवून लिहून काढा. "पूर्ण नाव सांगा", "गाव कुठलं", "पाहुणे कुठले" आणि शेवटी हळूच "म्हणजे तुम्ही कोणापैकी?" आपल्याला ही आपुलकी वाटते. उमेदवाराला चौथ्या प्रश्नाआधीच कळलेलं असतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या अर्जापेक्षा बरीच कमी निघाली. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन आणि शिकागोच्या नोकरीच्या जाहिरातींना असेच जुळे अर्ज गेले, तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. तिथे रंग, इथे जात, पण नाव वाचून हात आखडणं तेच. पुढच्या भरतीत पहिली चाळणी आडनाव झाकून करायची, हा ठराव प्रशिक्षणाआधीच करून टाका.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. देणगीदार तिकडचा असेल तर वंशभेदावरचं तयार साहित्य मराठी करून पाठवतो. काळ्या-गोऱ्या हातांची चित्रं, 'वंशीय समावेशन' वगैरे. ते बाजूला ठेवा, पण फेकू नका. जोतीराव फुल्यांनी, ज्यांचं मूळ गाव आपल्या खटाव तालुक्यातलं कटगुण, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केली होती. नातं जुनं आहे. आता तिकडेही जात पोचली आहे: सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. मात्र तिकडचे खेळ आणि प्रश्नावल्या जशाच्या तशा उचलल्या तर आपली माणसं अमेरिकेवर दोन दिवस तावातावाने बोलतील आणि घरी जातील. दूरच्या अन्यायावर बोलायला कोणाला काय जातं.

तिकडच्या अनुभवातलं एक मात्र जरूर घ्या. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या कंपन्यांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१६ मध्ये मांडलं की सक्तीच्या प्रशिक्षणाने लोक उलट बिथरतात. अनुभवी माणसाने नव्याला हाताशी धरून शिकवणं आणि कोणावर तरी जबाबदारी टाकणं याने जास्त फरक पडतो. म्हणून कर्मचाऱ्यांना हजेरीची धमकी देऊ नका. विश्वस्तांना मात्र सवलत नको. ते उद्घाटनाला येऊन नारळ फोडून जाणार असतील तर कार्यक्रम पुढे ढकला.

"आमच्यात असलं काही नाही" हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात येणारच, त्याचीही तयारी ठेवा. आपल्या भागात ते जास्त जोरात येतं, कारण आपल्याकडे सांगायला खरंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं, धनिणीच्या बागेत ती पोरं एका पंगतीला जेवली. हे सगळं खरं. पण त्याच साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० ला सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, नाव घातलेला भिवा रामजी आंबेडकर पुढच्या काळात वडिलांकडे निघाला आणि भाऊ-भाच्यांसह मसूर स्टेशनवर उतरला, तेव्हा जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनीच गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तो मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग विचारा की आपल्या ऑफिसात आज कोणाला कोणत्या गाडीत बसायला मिळत नाही. फिल्डची जीप कोण वापरतं हा प्रश्न आपोआप निघतो. आमच्याकडे निघाला होता.

प्रशिक्षक निवडताना मानधनाचा विचार आधी करा. पुण्याच्या तज्ज्ञाला रोख मानधन आणि वस्तीतल्या कार्यकर्त्याला 'अनुभवकथन' म्हणून शाल-श्रीफळ, हे फार चालतं. दोघांना दर तासाचा एकच दर द्या. आणि ऑफिसात दलित किंवा भटक्या समाजातला एकच सहकारी असेल तर त्याला "तू तुझा अनुभव सांग ना" असं कोणीही, प्रशिक्षकानेसुद्धा, म्हणायचं नाही. हे प्रशिक्षकाला फोनवर स्पष्ट सांगा. तो पोरगा तिथे नोकरी करायला आलाय, साक्ष द्यायला नाही.

आधीची मतं चिठ्ठीवर मागवायची पद्धत आहे. नऊ माणसांच्या ऑफिसात अक्षर लगेच ओळखू येतं, म्हणून चिठ्ठ्या नकोत. बाहेरच्या माणसाने एकेकाला फोन करून ऐकावं आणि नाव न घेता मांडावं. अशाच एका फोनवर मला कपाची गोष्ट कळली. ऑफिसात कान तुटलेला एक कप होता आणि तो नेहमी एकाच माणसासमोर यायचा. नियम कोणी केला नव्हता, चहा करणाऱ्या मावशींना विचारलं तर त्यांनाही आठवेना की कधीपासून. मी ते प्रशिक्षणात सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी तो कप गुपचूप फेकून दिला. बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही. फेकला नसता तर बोलणं झालं असतं.

तारीख. १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १ ऑगस्ट, रमजान, गावच्या जत्रा आणि लग्नसराई टाळा. ऊसतोड कामगारांबरोबर काम असेल तर हंगाम ऐन भरात असताना नकोच. पाटण आणि माण तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांची शेवटची एस.टी. बघून वेळ ठरवा, चारला संपवा. तिकिटाचे पैसे आगाऊ हातात द्या. 'आधी खर्च करा, मग व्हाउचर लावा' ही पद्धत ज्याच्या खिशात आधीच पैसे आहेत त्याच्यासाठी केलेली आहे. लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायांसाठी शेजारची खोली आणि एक सांभाळणारी बाई, हे बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

जेवण हा खरा पेपर आहे. ऑर्डर नेहमीच्या केटररला न देता वस्तीतल्या बायांच्या बचत गटाला द्या, आणि कोणी बनवलंय हे लपवू नका. मी एकदा असं केलं तर त्या दिवशी एकदम चौघांना उपास निघाला. वार बुधवार होता. कोणी काही बोललं नाही, गटाच्या बायांनी मुकाट्याने भाकऱ्या परत बांधल्या, आणि दुपारच्या सत्राला ठरलेला विषय आम्ही सोडून दिला. कारण विषय डब्यातच आला होता. तुमच्याकडे असं झालं तर काय बोलायचं, हे प्रशिक्षकाशी आधी ठरवा. त्या बायांसमोर पंचनामा करायचा नाही, एवढं नक्की.

भाषेचं सांगून ठेवतो. पडद्यावर इंग्रजी नको हे तर झालंच, पण 'पानी', 'आनि' म्हणणाऱ्याला हसून दुरुस्त करायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगा. गटचर्चेत अहवाल मांडणाऱ्या एका ताईंना कोणीतरी "पाणी हो, पाणी" म्हटलं. त्यानंतर दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. त्यांचा मुद्दा वस्तीतल्या नळाला पाणी येत नाही हा होता.

वस्त्यांची नावंही तपासा. जातिवाचक वस्तीनावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तुमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर, एक्सेलमध्ये आणि भिंतीवरच्या नकाशावर जुनीच नावं असतील तर ती आधी बदला. लोकांना तिथे आता काय म्हणतात ते विचारून.

कायद्याचं सत्र तासाभराचं पुरे: संविधानाचं कलम १७, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा. "ॲट्रॉसिटी लावतील" ही कुजबुज होईल, ती वकिलांकडून तिथेच मिटवा. लैंगिक छळासाठी दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती सक्तीची आहे, दहाच्या आत असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जातीवरून झालेल्या अपमानासाठी संस्थेत अशी समिती कायद्याने सक्तीची नाही. म्हणून ती स्वतःहून करा, बाहेरची एक व्यक्ती घेऊन, आणि तिचा फोन नंबर प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी भिंतीवर लावलेला असू द्या.

विश्वस्त मंडळात नवी माणसं घेण्याची घोषणा करणार असाल तर आधी संस्थेची घटना काढून वाचा, किती विश्वस्तांना जागा आहे ते बघा. बदल झाला की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. टाळ्यांत केलेली घोषणा आणि धर्मादाय कार्यालयातला कागद यांच्यामध्ये बऱ्याच चांगल्या गोष्टी मेलेल्या आहेत.

प्रशिक्षण संपल्यावर काय, हे आधीच छापून ठेवा. येत्या वर्षात बाहेरच्या प्रत्येक प्रशिक्षणाची पहिली जागा फिल्डवरच्या माणसाला. दर प्रपोजल लिहिताना समन्वयकाशेजारी एक कार्यकर्ती बसेल, नुसती माहिती पुरवायला नाही, बजेटचा तक्ता तिने स्वतः भरायला. पहिली दोन प्रपोजलं उशिरा होतील, देणगीदाराला तसं आधी कळवा. आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात व्हाउचरांची फाईल पुन्हा काढायची, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा.

आता हॉल बुक करा. खुर्च्या गोलात लावा, कप सगळे एकसारखे आणा. पहिल्या दिवशीचा चहा विश्वस्तांपैकी कोणीतरी करायचा, हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना माहीत नसतं, तेवढं दाखवा.